स्प्रिंगा आधी, शॉक नंतर: एका १९९५ च्या मियाटाचे प्रकरण

मे २०२३ च्या अखेरीस, एका पावसाळी संध्याकाळी, अमेरिकेतील डेट्रॉइटच्या एका उपनगरात महामार्गावरून उतरणाऱ्या गोल वळणावर एका छोट्या दोन आसनी गाडीचा मागचा भाग सुटला, गाडी स्वतःभोवती गर्रकन फिरली आणि आल्या दिशेला तोंड करून रस्त्याकडेच्या ओल्या गवतात थांबली. वेग ताशी ५५ किलोमीटरच्या आसपास होता, मागून दुसरे वाहन येत नव्हते आणि त्या जागी कडेला लोखंडी कठडाही नव्हता, म्हणून चालवणाऱ्या मुलीला खरचटलेसुद्धा नाही. ही गाडी माझ्या भाचीची. ती विकत घेऊन तेव्हा दहा आठवडे झाले होते, आणि तिच्यात केलेला पहिला मोठा बदल, म्हणजे गाडी खाली बसवणाऱ्या आखूड स्प्रिंगा, जेमतेम तीन आठवड्यांचा होता.

वाहनांच्या सस्पेन्शनच्या, म्हणजे चाकांना गाडीशी जोडून रस्त्याचे धक्के पेलणाऱ्या रचनेच्या, कामात माझी पंचवीस वर्षे गेली असल्यामुळे गाडी का सुटली हे शोधण्याचे काम ओघानेच माझ्याकडे आले. पुढच्या पाच महिन्यांत आम्ही दोघांनी ती गाडी खोलली, मोजली, पूर्ववत केली आणि मग बेताबेताने बदलली. त्या काळात भाचीने एक वही ठेवली होती. या प्रकरणातली मापे आणि तारखा त्या वहीतल्या आहेत आणि त्या तिच्या संमतीने येथे देत आहे. परदेशात नोकरीला आल्यावर पहिल्या एक-दोन वर्षांत हौसेने जुनी छोटी स्पोर्ट्स कार घेणारे मराठी तरुण मला वारंवार भेटतात, आणि त्यांच्यापैकी कितीतरी जण सुरुवात नेमकी स्प्रिंगांपासून करतात, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहावेसे वाटले.

गाडी आणि तिची मालकीण

गाडी १९९५ सालची माझदा एमएक्स-५, अमेरिकेतल्या नावाने मियाटा. हे मॉडेल फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांसमोर आले आणि एप्रिल २०१६ मध्ये त्याच्या उत्पादनाने दहा लाखांचा टप्पा गाठला. पहिल्या पिढीचे प्रकल्पप्रमुख तोशिहिको हिराई यांनी या गाडीच्या रचनेसाठी ‘जिन्बा इत्ताई’, म्हणजे घोडा आणि स्वार एकजीव, ही जपानी कल्पना समोर ठेवली होती. ती जाहिरातीपुरती नव्हती, हे गाडीखाली सरपटत गेल्यावर कळते. चारही चाकांना वरचा आणि खालचा असे स्वतंत्र आर्म, म्हणजे चाकाला सांगाड्याशी जोडणारे दांडे, आहेत, इंजिन पुढच्या ॲक्सलच्या बरेच मागे ठेवले आहे, आणि गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांना फिरवणाऱ्या डिफरन्शियलपर्यंत ॲल्युमिनियमची एक लांब चौकट जोडून दोन्ही एकमेकांशी पक्के बांधले आहेत, त्यामुळे ॲक्सिलरेटरवरचा पाय मागच्या चाकांपर्यंत विनाविलंब पोहोचतो. १९९४ पासून या गाडीत १.८ लिटरचे १२८ अश्वशक्तीचे इंजिन आले. वजन सुमारे १०४० किलो. आजच्या साध्या हॅचबॅकलाही सरळ रस्त्यावर तिला मागे टाकणे जड जाणार नाही. तिची सारी गंमत वळणात आहे.

ही पार्श्वभूमी सांगण्याचे कारण असे की अशा गाडीत प्रत्येक सुटा भाग दुसऱ्याच्या हिशेबाने ठरवलेला असतो. स्प्रिंग किती आखूड, शॉक ॲब्सॉर्बरचा, म्हणजे स्प्रिंगची उसळी आवरणाऱ्या नळकांड्याचा, दांडा किती आत जाणार, चाल संपताना धक्का झेलणारा रबरी बंप स्टॉप कुठे टेकणार आणि चाक वर जाताना किती कलणार, ही चार वेगवेगळी मापे नसून एकाच गणिताची चार पदे आहेत. त्यातले एक बदलले की उरलेली तीन पुन्हा सोडवावी लागतात.

भाची मूळची कोल्हापूरची. पुण्यात अभियांत्रिकी शिकून ती डेट्रॉइटजवळ विजेच्या गाड्यांच्या बॅटऱ्यांचे काम करते. हाताला काम करायची सवय आहे, पाने-पक्कड वापरताना ती बिचकत नाही, आणि वाचनही भरपूर होते. अज्ञानामुळे हे प्रकरण घडले असे म्हणता येत नाही. मार्च २०२३ च्या मध्यावर तिने साडेसहा हजार डॉलरना ही लाल गाडी घेतली तेव्हा मीटरवर १ लाख १२ हजार मैल, म्हणजे सुमारे १ लाख ८० हजार किलोमीटर होते. डेट्रॉइट ज्या राज्यात आहे त्या मिशिगनमध्ये हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे तिने घेताना गंज बारकाईने तपासला, आणि ते योग्यच केले. आधीच्या मालकाकडे दुरुस्तीची कागदपत्रे मात्र जवळजवळ नव्हती. इंजिनाच्या झडपांची वेळ सांभाळणारा टायमिंग बेल्ट शेवटचा कधी बदलला, या प्रश्नाला त्याने ‘बहुधा बदललेला आहे’ असे उत्तर दिले होते. जुन्या गाडीच्या व्यवहारात अशा उत्तराचा अर्थ बदललेला नाही असाच धरावा.

पहिले दहा आठवडे

गाडी घरी आल्यावर तिने एक यादी केली. त्यात आखूड स्प्रिंगा, १७ इंची चाके, लाकडी स्टिअरिंग, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर, रोल बार (गाडी उलटली तर डोके वाचवणारी लोखंडी कमान) आणि दोन वर्षांनी इंजिनाची ताकद वाढवणारा टर्बो, असा क्रम होता. यादीत टायर नव्हते, शॉक नव्हते, अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणे) नव्हती आणि इंजिन थंड ठेवणारा कुलंटही नव्हता. मी ही यादी तेव्हाच पाहिली होती आणि काही बोललो नाही. नव्या हौसेवर पाणी ओतू नये असे वाटले. आज तसे वाटत नाही.

स्प्रिंगा तिने पहिल्या घेतल्या कारण गाडी ‘बसलेली’ दिसावी अशी इच्छा होती आणि दोनशे वीस डॉलरमध्ये ती पूर्ण होत होती. मूळची गाडी चाकाच्या आणि मडगार्डच्या मध्ये चार बोटे जागा ठेवून उभी असते. तिला ती फार उंच दिसायची, आणि नव्या स्प्रिंगांनी गाडी ४० मिलिमीटरने खाली येणार होती. दोन सुट्ट्यांच्या दिवसांत, एका मैत्रिणीच्या मदतीने, स्प्रिंग दाबून धरणाऱ्या, भाड्याने आणलेल्या कॉम्प्रेसरवर तिने चारही स्प्रिंगा बदलल्या. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये हात किंवा जबडा मोडण्याइतकी ताकद असते, हे जाणून तिने ते काम सावधपणे केले. जुने शॉक बाहेरून कोरडे होते, तेल गळत नव्हते, म्हणून तेच परत बसवले. बंप स्टॉप जीर्ण दिसले तरी ‘आहेत ना जागेवर’ म्हणून ठेवले. अलाइनमेंट पुढच्या पगारानंतर करू, असे ठरले.

पुढच्या तीन आठवड्यांत गाडीने तिला बरेच काही सांगितले होते. रेल्वेचे रूळ ओलांडताना कमरेला दणका बसू लागला होता. पुलाच्या जोडावरून गेल्यावर मागून रबर आपटल्यासारखा बोदा आवाज यायचा. आणि लांब वळणात रस्ता खडबडीत असला की मागचा भाग एक पाऊल बाजूला टाकल्यासारखा सरकायचा. तिने याला ‘स्पोर्टी झाली’ असे नाव दिले होते. फोनवर ती म्हणाली होती, “मामा, आता गाडी खरी कार्टसारखी चालते.” ज्या गावात मुले शाळेच्या वयात गो-कार्ट चालवायला शिकतात, तिथल्या मुलीने कडकपणा म्हणजे पकड असे समजणे मला समजू शकते. परंतु कार्टला सस्पेन्शनच नसते आणि ती सपाट डांबरावर धावते, तर मिशिगनचे रस्ते दर हिवाळ्यात पाणी गोठून आणि वितळून उखडतात.

काय सापडले

अपघातानंतरच्या शनिवारी गाडी माझ्या गॅरेजमध्ये आली. सुरुवात टायरपासून केली. नक्षी चांगली खोल होती, नाण्याने तपासली तर कुणीही नवे म्हणेल अशी. टायरच्या बाजूवर लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा सांगतात आणि पुढचे दोन वर्ष. या टायरांवर २३११ असे होते, म्हणजे २०११ सालचा तेविसावा आठवडा. बारा वर्षांचे रबर नखाने दाबले तर खडूच्या पाटीसारखे टणक लागत होते, आणि नक्षीच्या खाचांच्या तळाशी केसासारख्या भेगा होत्या. गाडी फार कमी चालवली गेल्यामुळे नक्षी झिजली नव्हती, एवढेच. ओल्या रस्त्यावर अशा टायरवर फारसा भरवसा ठेवता येत नाही.

मग मागचे चाक काढले. शॉकच्या चकचकीत दांड्याभोवती एक साधा प्लॅस्टिकचा झिप टाय बांधला, तो शॉकच्या तोंडापर्यंत खाली सरकवला, चाक लावले आणि भाचीला सांगितले की घराभोवतीच्या रस्त्याने, गतिरोधक टाळून, एक फेरी मारून ये. दांडा आत जातो तेव्हा शॉकचे तोंड झिप टायला वर ढकलते, आणि दांडा परत बाहेर आला की टाय तिथेच राहतो, त्यामुळे दांडा जास्तीत जास्त किती आत गेला याची खूण मिळते. ती परत आली तेव्हा टाय बंप स्टॉपच्या रबरात रुतून बसला होता, अगदी तुकडा पडावा इतका. दीड किलोमीटरच्या, ताशी ४० किलोमीटरच्या, सपाट म्हणाव्या अशा फेरीत मागचे सस्पेन्शन आपली सगळी चाल वापरून संपले होते. गाडी नुसती उभी असताना मोजले तर शॉकचे तोंड आणि बंप स्टॉप यांच्यात ७ मिलिमीटर अंतर होते. चालक आत बसून पेट्रोलची टाकी भरली की तेही उरत नव्हते.

पहिल्या पिढीच्या मियाटात वर जायची चाल मुळातच कमी आहे. तिच्यातून ४० मिलिमीटर कापल्यावर चाक स्प्रिंगवर तरंगत नाही, ते रबरावर बसते. रबराचा ताठरपणा स्प्रिंगसारखा एका मापाचा नसतो. पहिले काही मिलिमीटर ते मऊ असते आणि पुढे झपाट्याने दगडासारखे होते. वळण उजवीकडचे होते, म्हणून भार डावीकडे गेला आणि डावे मागचे चाक रबरावर टेकले. त्या क्षणी मागचा ॲक्सल पुढच्यापेक्षा एकाएकी कितीतरी ताठ झाला, आणि वळणात एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे सरकणाऱ्या भाराचा मोठा वाटा मागच्या जोडीच्या माथी आला. टायरवरचा भार दुप्पट झाला म्हणून त्याची पकड दुप्पट होत नाही, ती त्याहून कमी वाढते. त्यामुळे भार एका टायरवर जितका गोळा होतो, तितकी त्या जोडीची एकूण पकड घटते. नेमका त्याच वळणावर पुलाचा जोड होता. रबरावर बसलेले चाक तो जोड गिळू शकले नाही आणि क्षणभर रस्ता सोडून उडाले. ते खाली आले तेव्हा मागचा भाग बाहेर निघालेला होता. भाचीने घाबरून ॲक्सिलरेटर सोडला, ते स्वाभाविक होते, पण त्याने मागचे वजन आणखी पुढे गेले आणि उरलेली पकडही गेली.

शॉक गाडीवरून काढून हाताने दाबून पाहिले. बाहेरून कोरडा असलेला शॉक आतून मेलेला असू शकतो, हे या कामातले जुने सत्य आहे. दोन मागच्या शॉकपैकी एक दांडा आत ढकलल्यावर सुरुवातीचा बोटभर प्रवास कोणताही विरोध न करता गेला. बंप स्टॉपचे रबर बोटांत चुरगळून भुगा झाले. अलाइनमेंटच्या यंत्रावर मागचे डावे चाक ०.२० अंशाने बाहेर तोंड केलेले निघाले. मागची चाके किंचित आत तोंड करून असली तर गाडी स्थिर राहते. बाहेर तोंड केलेले मागचे चाक तिला आपणहून वळवायला बघते.

आणखी एक चूक सापडली, आणि तिच्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. आर्मच्या सांध्यांत रबरी बुश असतात आणि ते फिरत नाहीत, पिळले जातात. म्हणून त्यांचे बोल्ट शेवटचे घट्ट करताना गाडीचे वजन चाकांवर असावे लागते. भाचीने ते चाके लोंबकळत असताना घट्ट केले होते, त्यामुळे गाडी जमिनीवर आल्यावर प्रत्येक बुश कायमचा पिळलेल्या अवस्थेत राहिला होता.

कारण नेमके कोणते, असे तिने मला विचारले. टायर नवे असते तर तेवढ्या वेगाला गाडी बहुधा सुटली नसती, आणि स्प्रिंगा मूळच्या असत्या तर जुन्या टायरवरही ती इतकी अचानक न सुटता आधी इशारा देऊन सरकली असती, असे माझे मत आहे. दोन्ही दोष एकाच वळणावर भेटले. पुढे ती हळूच म्हणाली, “मामा, टायरची तारीख मी बघितलीच नव्हती. रंग बघितला, चाक बघितले.” मी तिला सांगितले की तुझ्यापेक्षा माझी चूक मोठी, कारण मला यादी दिसली होती.

येथे एका गोष्टीची नोंद करायला हवी. मिशिगनमध्ये खाजगी गाडीची दर वर्षी होणारी सरकारी तपासणी नाही, त्यामुळे गाडीत केलेला बदल दुसऱ्या कुणाच्या नजरेखालून जात नाही. भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिलेल्या निकालानुसार कंपनीने दिलेली मूळ वैशिष्ट्ये बदलणारा फेरफार करता येत नाही, त्यामुळे तिथे प्रश्नच वेगळा आहे. मिशिगनमध्ये पूर्ण मोकळीक आहे, आणि ज्याला मोकळीक असते त्यालाच तपासनीसही व्हावे लागते.

पूर्ववत करणे

जुन्या स्प्रिंगा भाचीने टाकून दिल्या नव्हत्या, हे आमचे भाग्य. त्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, प्रत्येकीवर ‘पुढची उजवी’, ‘मागची डावी’ अशी चिठ्ठी चिकटवून ठेवलेल्या होत्या. आम्ही ठरवले की गाडी आधी कारखान्यातून निघाली तशी करायची, एक महिना तशीच चालवायची, आणि त्यानंतर एका वेळी एकच बदल करायचा.

बिलस्टीनचे नवे शॉक आणले. त्यांच्या जोडीला दुसऱ्या पिढीच्या, म्हणजे १९९९ च्या मॉडेलपासूनच्या, मियाटाचे शॉकचे वरचे टोक धरणारे माउंट आणि बंप स्टॉप घेतले. दुसऱ्या पिढीत माझदाने हे माउंट बदलून शॉकच्या दांड्याला वर जायला जास्त जागा दिली होती, आणि ते जुन्या गाडीतही बसतात. कारखान्याने स्वतःच केलेली ही सुधारणा, ती वापरण्यात मला काहीच गैर वाटत नाही; किंबहुना या गाडीच्या मालकाने पैसे खर्च करायचे तर टायरांनंतरचा पहिला खर्च हाच असावा.

काम सोपे गेले नाही. अलाइनमेंट ज्या खास बोल्टांनी होते, त्यांच्या डोक्यापाशी केंद्र सोडून बसवलेली एक चकती असते आणि बोल्ट फिरवला की आर्म आत-बाहेर सरकतो. अठ्ठावीस हिवाळ्यांच्या मिठाने मागचे दोन बोल्ट बुशच्या आतल्या लोखंडी नळीत वितळून एक झाल्यासारखे झाले होते. गंज सोडवणारे तेल तीन रात्री सोडले, गॅसच्या ज्योतीने तापवले, हातोडा चालवला. एक बोल्ट सुटला आणि दुसरा शेवटी करवतीने दोन्ही बाजूंनी कापून बुशसकट काढावा लागला. त्या एका बोल्टात सहा तास गेले. नवे बोल्ट बसवताना भाचीने त्यांना आधी चोपून ग्रीस लावले. मिठाच्या प्रदेशात कोणताही बोल्ट बसवताना तो पुन्हा कधीतरी काढायचा आहे हे धरूनच बसवावा. गाडी उचलताना जॅक खालच्या पातळ शिवणीवर लावला की ती वाकते. त्यासाठी भाचीने आइस हॉकीची रबरी चकती मधोमध खाच पाडून वापरली. मिशिगनमध्ये ती दोन-तीन डॉलरला मिळते आणि या कामाला अगदी मापाची आहे.

सगळे बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी करून घट्ट केले. अलाइनमेंट पुढे उणे १ अंश कॅम्बर (चाकाचा वरचा काठ आत कलणे), मागे उणे दीड, पुढचा टो (चाकांचे तोंड आत की बाहेर) शून्य आणि मागचा किंचित आत, अशी ठेवली. टायर मूळच्याच मापाचे, १८५/६० आर १४, चांगल्या उन्हाळी रबराचे घेतले. १७ इंची चाकांचा विचार भाचीने स्वतःच सोडला, आणि तो हिशेब तिने केला म्हणून लिहितो: मूळ टायरचा व्यास सुमारे ५७८ मिलिमीटर, तर २०५/४० आर १७ चा ५९६, म्हणजे तीन टक्क्यांनी मोठा, १२८ अश्वशक्तीच्या गाडीचे सगळे गिअर तेवढे लांब होतात. त्याहून मोठी गोष्ट वजनाची. या गाडीचे मूळचे अलॉय चाक पाच-साडेपाच किलोचे आहे, आणि स्वस्तातली १७ इंची चाके सहज त्याच्या दुप्पट भरतात. ते वजन स्प्रिंगच्या खाली असते, म्हणजे शॉकला प्रत्येक खड्ड्यात तेवढे जास्त आवरावे लागते.

झिप टायची फेरी पुन्हा केली. त्याच रस्त्याने, त्याच वेगाने. या वेळी टाय बंप स्टॉपपासून ३१ मिलिमीटर दूर थांबला होता. वहीत त्या आकड्याखाली दोन रेघा आहेत.

इंजिनाची बाजू थोडक्यात सांगतो, कारण तिथे नवल काही नव्हते. टायमिंग बेल्ट, वॉटर पंप आणि पुढचे तेल-सील एकत्रच बदलले. या बेल्टचे आयुष्य ६० हजार मैल धरतात आणि कागद नसल्यामुळे वाट पाहण्यात अर्थ नव्हता. चारही सिलिंडरांचा दाब एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत होता. इंजिनाच्या मागच्या टोकाला, आसनांकडच्या बाजूला वेगळे करणाऱ्या पत्र्याला (फायरवॉल) चिकटून, झडपा उघडणाऱ्या कॅमचा कोन मोजणारा सेन्सर असतो. त्याच्या रबरी रिंगमधून तेल झिरपून खालच्या हीटरच्या नळीवर थेंब थेंब पडत होते आणि नळी फुगून मऊ झाली होती. रिंग काही डॉलरची, पण नळी फुटली असती तर सगळा कुलंट रस्त्यावर गेला असता. डिकीतली बॅटरी पाहिली तर कुणीतरी साधी बॅटरी ठेवली होती; या गाडीत बॅटरी डिकीत असल्यामुळे तिचा वायू बाहेर सोडणारी नळी लागते, नाहीतर आम्लाची वाफ पत्रा खाते. योग्य प्रकारची बॅटरी आणि नळी बसवली.

छताच्या पाण्याची वाट साफ करण्याचे काम मात्र जरा जास्त जवळून सांगावेसे वाटते. कापडी छतावरून उतरणारे पाणी आसनांच्या मागे दोन्ही कोपऱ्यांत एका नळीत जाते आणि गाडीखाली बाहेर पडते. ती नळी पानांनी तुंबली की पाणी दाराखालच्या पोकळ सिलमध्ये साचते, आणि मियाटा आतून गंजते ती याच जागी, मागच्या चाकाच्या पुढे. भाचीने गवत कापायच्या यंत्राची नायलॉनची दोरी घेतली, टोक मेणबत्तीवर धरून गोल केले आणि हळूहळू आत ढकलली. आधी काही झाले नाही. मग एक मऊ अडथळा सुटला आणि काळे, कुजलेल्या पानांचा वास येणारे पाणी दीड-दोन मिनिटे ठिबकत राहिले. गाडी घेताना बाहेरून गंज शोधणाऱ्या तिला आतली ही पाणी साचण्याची जागा ठाऊक नव्हती. आता दर वसंतात आणि दर शरदात ती पहिले काम हे करते.

ज्या बदलांना नकार दिला

लाकडी स्टिअरिंगवर आमचा वाद झाला. १९९४ पासून अमेरिकेतल्या मियाटाला दोन्ही बाजूंना एअरबॅग आहेत, आणि लाकडी स्टिअरिंग लावायचे म्हणजे चालकाची एअरबॅग काढून ठेवायची. ही गाडी ती रोज कामावर नेते. शर्यतीच्या गाडीत एअरबॅग काढतात तेव्हा तिच्या जागी सहा पट्ट्यांचा पट्टा, खोल आसन आणि हेल्मेट असते. रोजच्या गाडीत तिच्या जागी काहीच येत नाही. भाचीने तीन दिवस माझ्याशी नीट बोलणे टाळले, आणि चौथ्या दिवशी मूळच्याच स्टिअरिंगला स्वतः शिवून कातडे चढवले. ते सुंदर झाले आहे.

रोल बारला माझा विरोध नव्हता. उघड्या गाडीत मला तो हवासाच वाटतो. पण तो घ्यायचा तर खरा, गाडीच्या सांगाड्याला पक्का बोल्ट केलेला घ्यावा, शोभेची चमकदार नळी नव्हे. त्याच्या वरच्या काठावरून पुढच्या काचेच्या चौकटीपर्यंत सरळ काठी धरली तर हेल्मेट घातलेले डोके त्या काठीच्या खाली राहिले पाहिजे, आणि डोक्यामागे दाट फोमचे आवरण हवे, कारण हेल्मेटशिवाय त्या लोखंडावर डोके आपटणे हाच एक अपघात आहे. ते काम पुढच्या वर्षावर टाकले. टर्बोबद्दल भाचीने स्वतःच वहीत लिहिले: ‘आधी १२८ पूर्ण वापरता येऊ देत.’ शिवाय उत्सर्जनाच्या यंत्रणेत हात घालणे अमेरिकेच्या केंद्रीय स्वच्छ हवा कायद्याखाली बेकायदेशीर आहे, राज्य तपासणी घेवो वा न घेवो.

ऑगस्टमधला एक दिवस

ऑगस्टमध्ये ती ऑटोक्रॉसला गेली. मोठ्या रिकाम्या वाहनतळावर नारिंगी शंकू मांडून वाट आखतात आणि एका वेळी एक गाडी वेळ मोजून सोडतात. वेग महामार्गापेक्षा कमी असतो, पण वळणे एकामागून एक येतात. अशा स्पर्धांचे नियम ठरवणाऱ्या एससीसीएच्या (स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका) सर्वांत साध्या वर्गात तेव्हा शॉक बदलण्याची मुभा होती, स्प्रिंगा मात्र मूळच्याच लागत. म्हणजे त्या दोनशे वीस डॉलरच्या स्प्रिंगा गाडीत असत्या तर नवख्या चालकाला कितीतरी जास्त बदललेल्या गाड्यांच्या वर्गात उभे राहावे लागले असते. हे तिला नोंदणीच्या टेबलापाशी समजले.

पहिल्या फेरीला ५८.४ सेकंद लागले आणि दोन शंकू पडले. दिवसाच्या शेवटच्या फेरीला ५२.१ लागले, शंकू एकही पडला नाही, आणि मधल्या वेळात गाडीत टायरच्या हवेखेरीज काहीही बदललेले नव्हते. दुपारच्या एका फेरीत मागचा भाग सुटला. या वेळी तो सावकाश सुटला, तिने स्टिअरिंग उलटे देऊन पाय स्थिर ठेवला आणि गाडी सरळ झाली. मी कडेला उभा होतो. मे महिन्यातली गाडी आणि ही गाडी यांच्यात मला दिसलेला सर्वांत मोठा फरक तो होता, की आता चालकाला उत्तर द्यायला वेळ मिळत होता.

सप्टेंबरमध्ये तिने पुढचा जाडसर अँटी-रोल बार (वळणात गाडीचे कलणे कमी करणारी सळई) बसवला, एकटीने, आणि पुढचे दोन आठवडे दुसरे काहीही बदलले नाही. हिवाळ्यापर्यंतचा सुट्या भागांचा खर्च दोन हजार डॉलरच्या थोडा वर गेला. त्यातला सर्वांत मोठा वाटा शॉकचा, त्याखालोखाल टायरांचा. आखूड स्प्रिंगांचे पैसे बुडाले.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, रस्त्यांवर मीठ पडायच्या आधी, गाडी माझ्या गॅरेजमध्ये चार स्टँडांवर चढवली. बॅटरी काढून आत घेतली, टाकी भरून ठेवली, दारांखालच्या सिलमध्ये मेणासारखे गंजरोधक फवारले. आखूड स्प्रिंगा आता त्या पुठ्ठ्याच्या खोक्यात आहेत आणि खोके माळ्यावर. जाताना भाचीने वही माझ्या हातात दिली आणि म्हणाली, “मामा, पुढच्या वर्षाची यादी तुम्ही आधी वाचा आणि या वेळी बोला.” पहिल्या ओळीवर रोल बार होता आणि त्याच्यापुढे कंसात काठीने मोजलेले माप.